पित्त उठतं, पित्त मावळतं

मराठी माणसाला पित्त किती प्रकारांनी होतं याची एकदा यादी करून बघा. जागरण होऊन सकाळी घशाशी आंबट आलं, की पित्त झालं. उन्हातून आल्यावर डोकं ठणकायला लागलं, की पित्ताने डोकं धरलं. ओकारी झाली, की पित्त पडलं. कुणाचा आवाज चढला, की त्याचं पित्त खवळलं. आणि अंगभर लाल, खाजऱ्या गांधी आल्या, की पित्त उठलं! पोट, डोकं, स्वभाव आणि कातडी, सगळं एका शब्दात. भाषा म्हणून मला याचं कौतुकच आहे. पण या शेवटच्या पित्ताच्या बाबतीत हा शब्द आपल्याला भलत्याच गल्लीत नेऊन सोडतो, असं माझं ठाम मत झालंय. आज त्याबद्दलच लिहायचंय.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. या विषयावर वाचायला लागले ते मावशीमुळे. (मावशी हे वाचणार आहे. तिला विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझं वय लिहू नकोस" एवढीच तिची अट!)

मावशी कऱ्हाडला असते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला संध्याकाळची खाज सुटायला लागली. दिवेलागणीला सुरुवात व्हायची. आधी तळहात, मग परकराची नाडी जिथे काचते ती जागा, मग पाठ, मांड्या. रात्री कधी ओठ सुजायचा, कधी एक डोळा. सकाळी उठून बघावं तर अंग स्वच्छ, रात्री काही झालंच नव्हतं जणू. काका म्हणायचे, "बघ, गेलं की!" आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

पित्त म्हटल्यावर संशय पोटावर जाणार हे उघडच. जाऊबाई म्हणाल्या, वांगं वातूळ, ते सोड. सोडलं. कुणी म्हणालं, दाण्याचं कूट बंद कर. कऱ्हाडच्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट बंद म्हणजे काय, ते तिकडच्या माणसालाच कळेल! मग दही गेलं, तुरीची डाळ गेली, हरभऱ्याचं पीठ गेलं, चिंच, टोमॅटो, अंडं गेलं. आठ महिन्यांनी तिच्या ताटात मुगाचं वरण, भात आणि दुधी एवढंच उरलं होतं. लग्नाकार्याला जाणं थांबलं, कारण तिथे खाणार काय आणि संध्याकाळी चारचौघांत खाजवत कसं बसणार? वजन सात किलोंनी उतरलं. आणि गांधी? त्या रोज संध्याकाळी वेळेवर हजर.

मला यातली सगळ्यात मोठी मेख जी सापडली ती आधी सांगते. एक गांध साधारण काही मिनिटांपासून २४ तासांपर्यंत टिकते आणि मागे डाग न ठेवता मावळते. नवी दुसरीकडे उठते. म्हणजे तुम्ही काहीही केलंत, किंवा काहीच केलं नाहीत, तरी ती गांध जाणारच आहे! तुम्ही आमसुलाचं पाणी चोळा, गेरू लावा, खायचा सोडा लावा, घोंगडीत गुंडाळून बसा, देवाला अंगारा लावा. दोन-चार तासांनी गांध मावळते आणि श्रेय त्या उपायाला मिळतं. पित्तावरचे सगळे उपाय 'हमखास' असतात ते यामुळे. आणि सगळी खाणी गुन्हेगार ठरतात तीही यामुळेच. वांगं सोडलं त्या दिवशी योगायोगाने गांधी कमी आल्या, की वांग्याला जन्मठेप!

आमसुलाच्या पाण्याशी माझं भांडण नाही. थंडगार पाण्याने खाज तेवढ्यापुरती कमी होतेच. (गारठ्यानेच ज्यांना गांधी येतात त्यांनी मात्र हा उद्योग करू नये.) प्रश्न एवढाच आहे की गांध मावळणं आणि आजार थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिसली की दुसरी झाली असं आपण धरून चालतो आणि महिने निघून जातात.

मग हे नेमकं असतं तरी काय? आपल्या कातडीत 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसल्या, तेव्हा त्याला वाटलं की या खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या पेशी आहेत; जर्मनमध्ये 'मास्ट' हा शब्द जनावरं पोसून पुष्ट करण्याला वापरतात. प्रत्यक्षात त्या दाण्यांमध्ये हिस्टामिन आणि तसली इतर रसायनं असतात. पेशी बिथरली की ती बाहेर सांडतात. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं, तिथे फुगवटा येतो, भोवती लाली येते आणि खाज सुटते. हीच गांध. हेच जरा खोलवर, ओठात किंवा पापणीत घडलं तर तिथे सूज येते, आणि ती उतरायला दोन-तीन दिवसही लागतात. या सगळ्यात जठरातल्या आम्लाचा संबंध कुठेही येत नाही. म्हणून 'पित्तावर' म्हणून घेतलेली ॲसिडिटीची गोळी अंगावरच्या पित्तावरचा इलाज नव्हे.

कुणी म्हणेल, ही झाली तुमची ॲलोपथी, आपल्या आयुर्वेदात पित्तच सांगितलंय. म्हणून मी तेही बघितलं. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तिथे सुरुवात होते ती थंड वाऱ्याच्या स्पर्शापासून. त्याने कफ आणि वात बिघडतात आणि पित्ताशी मिळून हा विकार करतात, असं म्हटलंय. आणि शीतपित्तात जोर वाताचा असतो, असंही सांगितलंय. गांध कशी दिसते, तर माशीने डंख केल्यावर येणाऱ्या सुजेसारखी. (आपल्याकडे अंगावर उठते ती गांध आणि चावते ती गांधीलमाशी, गंमतच आहे!) म्हणजे 'आंबट खाल्लं, पित्त वर आलं, अंगावर उठलं' हे जे आपलं घरगुती शास्त्र आहे, ते धड ॲलोपथीतही बसत नाही आणि धड आयुर्वेदातही नाही. ते फक्त त्या एका शब्दातून जन्मलंय.

खाण्याने गांधी येतच नाहीत, असं मला म्हणायचं नाही. येतात की! कोळंबी, मासे, अंडं, शेंगदाणे यांची खरी ॲलर्जी असते आणि कधीकधी ती जिवावरही बेतते. पण तिची एक खूण आहे. ती बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत येते आणि तो पदार्थ खाल्ला की परत परत येते. गुरुवारी खाल्लेलं वांगं शनिवारी संध्याकाळी सूड घ्यायला येत नाही. कोकणातल्या नातेवाइकांसाठी आणखी एक सांगते. बांगडा, कुपा असले मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यातच जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर उठणं, डोकं दुखणं हे सगळं होतं. त्यात माशाच्या ॲलर्जीचा दोष नसतो, माशाच्या ताजेपणाचा असतो.

लहान मुलांच्या अंगावर अचानक उठलं तर पुष्कळदा कारण साधं असतं: नुकताच येऊन गेलेला सर्दीतापासारखा विषाणूंचा आजार. मोठ्यांमध्ये अंगदुखीच्या गोळ्या, प्रतिजैविकं, कीटकदंश हीही कारणं असतात. साधारण पाचातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी असं होतं, आणि बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप थांबतं. तेव्हा एका संध्याकाळच्या गांधींसाठी कुणी घाबरून जायचं कारण नाही.

पण सहा आठवडे ही डॉक्टरांनी आखलेली रेघ आहे. सहा आठवड्यांच्या आत थांबलं तर ते तात्पुरतं. त्याच्या पुढे गेलं, आठवड्यातले बरेचसे दिवस येतच राहिलं, तर तो वेगळा आजार. त्याचं शास्त्रीय नाव 'क्रॉनिक अर्टिकेरिया', आणि त्यात खाण्याची ॲलर्जी हे कारण क्वचितच निघतं. पुष्कळांमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या मास्ट पेशींना चेतवत असते. बायकांमध्ये हे पुरुषांच्या दुप्पट दिसतं. थायरॉइडचा आजार सोबत असण्याचं प्रमाणही जास्त. आणि हे बहुधा काही वर्षं चालतं. म्हणजे अशा माणसाला 'काहीतरी खाल्लं असशील' म्हणणं म्हणजे दुखण्यावर दोषही त्याच्याच पदरात टाकणं झालं. मावशीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. गांधी तिला आल्या, उपास तिने केला, आणि वर 'तोंडावर ताबा नाही' हेही तिनेच ऐकलं.

याहून वाईट पुढेच झालं. ओळखीतल्या कुणी तरी एका दुकानातून बारीक पांढऱ्या गोळ्या आणून दिल्या. जादूच झाली! दोन दिवसांत अंग साफ. बंद केल्या की दुप्पट जोराने परत. म्हणून पुन्हा चालू. असं चार महिने चाललं. चेहरा गोल झाला, रक्तातली साखर वर गेली, तेव्हा त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या हे कळलं. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही; डॉक्टर एखाद्या जोरदार उठावाला थोडे दिवस देतात. पण गांधींसाठी ते महिनोन् महिने घेऊ नये, असं या आजाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय. हाडं ठिसूळ होणं, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू... खाजेच्या बदल्यात हे घ्यायचं? आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवावं लागतं. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं घरातल्या सगळ्यांनी ओळखून ठेवावीत असं मला वाटतं. 'पित्ताची गोळी' म्हणून पाकिटात काय आलंय ते निदान वाचता येईल.

तर मग स्किनच्या डॉक्टरकडे जायचं कधी? मला उमजलं ते असं:

सहा आठवडे झाले आणि अजून येतंय, तर जायचंच. सहा आठवडे झाले नाहीत, पण झोप मोडतेय, कामावर जाता येत नाही, नेहमीच्या गोळीने भागत नाही, तरी जायचं.

एकच गांध २४ तासांहून जास्त वेळ त्याच जागी राहते, खाजेपेक्षा दुखते किंवा जळजळते, आणि जाताना काळानिळा डाग ठेवून जाते, तर नक्की जायचं. ती साधी गांध नसून रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि त्यासाठी कातडीचा बारीक तुकडा तपासावा लागतो. सोबत ताप, सांधेदुखी, वजन उतरणं असेल तरीही तसंच.

गांधी नाहीत, खाज नाही, नुसतीच ओठ-जीभ-चेहऱ्याची सूज वारंवार येते, तर ते वेगळंच प्रकरण. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. काही घराण्यांत हा आजार आनुवंशिकही असतो, आणि त्यावर गांधींच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांना आपल्या सगळ्या गोळ्या दाखवाव्यात, 'ती तर बीपीची आहे' म्हणून घरी ठेवू नये.

गार पाणी, ऊन, घाम, कपड्याचा दाब अशा ठरावीक गोष्टीनेच उठत असेल तरीही दाखवावं. गार पाण्याने गांधी येणाऱ्याने विहिरीत किंवा नदीत उडी मारणं जिवावर बेतू शकतं. एकाच वेळी सगळ्या अंगातून हिस्टामिन सुटलं तर भोवळ येते.

आणि आता जिथे स्किनच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेत बसायचंच नाही, ती वेळ. गांधींबरोबर श्वास अडकतोय, आवाज बसलाय, घसा आवळतोय, जीभ सुजलीय, उलट्या होताहेत, चक्कर येतेय किंवा शुद्ध हरपतेय, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं रुग्णालय गाठा. तिथे पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. त्या क्षणी आमसूल नाही, खाजेची गोळी देऊन वाट बघणं नाही, 'सकाळपर्यंत उतरेल' नाही. इतर वेळी मी घरगुती उपायांवर हसेन, इथे हसणार नाही.

मावशीला आम्ही नवव्या महिन्यात डॉक्टरांकडे नेलं. दिवसा अंग स्वच्छ असायचं, म्हणून मावसबहिणीने रात्रीचे फोटो मोबाईलवर काढून ठेवले होते, तारीख-वेळेसकट. ते फार कामाला आले. (हे सगळ्यांनी करावं. डॉक्टरसमोर गांधी कधीच येत नाहीत!) त्यांनी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. मग पाठीवर एका बोथट वस्तूने रेघ ओढली. पाच-सात मिनिटांत ती रेघ दोरीसारखी वर आली. परकराच्या नाडीखालच्या गांधींचं कोडं तिथेच सुटलं: दाबाने आणि घासण्याने तिची कातडी उठत होती. तपासण्या मोजक्याच सांगितल्या, त्यात एक थायरॉइडची. शंभर-दीडशे पदार्थांची ॲलर्जी चाचणी करावी का, असं काकांनी विचारलं, तर नको म्हणाले. अशा चाचणीत कागदावर काहीतरी निघतंच, आणि त्या कागदापायी माणूस चांगलं अन्न सोडून बसतो. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

इलाज काय, तर फार झोप न आणणाऱ्या नव्या पिढीच्या हिस्टामिनविरोधी गोळ्या. आणि त्या खाज सुटल्यावर नाही, रोज, ठरल्या वेळी. इथेच बहुतेकांची गडबड होते. गोळी हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही, म्हणून ती आधी जाऊन बसलेली हवी. पाहुणे येऊन बसल्यावर खुर्ची अडवून काय उपयोग! एका गोळीने भागलं नाही तर मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही. त्यानेही नाही भागलं तर ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत २०१४ साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. महाग आहे, पण आहे. हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडलं. त्या कामातल्या डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं. इतक्या वर्षांची पुण्याई आपल्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात येऊन बसली आहे, आणि आपण अजून वांग्याला शिव्या देतोय.

एक प्रश्न नेहमी येतो, "पण हे मुळापासून जातं का?" याचं प्रामाणिक उत्तर असं, की गोळी आजार उपटून काढत नाही, ती त्याला आवरून धरते, आणि दरम्यान तो बहुधा आपला आपण ओसरतो. आपल्याला 'मुळापासून' या शब्दाचा फार मोह आहे. 'मुळापासून घालवतो' म्हणणाऱ्याकडे आपण वर्षभर जातो, आणि 'रोज एक गोळी घ्या, सुखाने जेवा' म्हणणाऱ्याला 'नुसतं दाबून ठेवतो' म्हणून नावं ठेवतो. माझं मत विचाराल तर, रात्रीची झोप आणि भरलेलं ताट परत मिळत असेल तर दाबून ठेवणं ही काही छोटी गोष्ट नाही.

'एवढ्याशा खाजेसाठी डॉक्टर?' हे आपल्या घरांतून, विशेषतः बायकांच्या बाबतीत, इतक्या सहज म्हटलं जातं. खाज दिसत नाही, ताप मोजता येतो. सकाळी अंग स्वच्छ असलेल्या बाईची रात्र कशी गेली ते कुणाला दिसणार? म्हणून मला वाटतं, गांधी मोजू नका, दिवस मोजा. स्वयंपाकघरात दूधवाल्याच्या हिशोबाचं कॅलेंडर असतंच. ज्या दिवशी पित्त उठलं त्या तारखेवर एक फुली मारा. फुल्या सहा ओळी ओलांडून गेल्या, की वाद संपला. मग जाऊबाईंचं नाही, शेजारणीचं नाही, माझंसुद्धा ऐकायचं नाही. सरळ डॉक्टरांचा नंबर लावायचा.

मावशीची गोळी अजून चालू आहे. मधे एकदा डॉक्टरांनी कमी करून बघितली, गांधी परत आल्या, पुन्हा पूर्ववत केली. साखर आटोक्यात आलीय. दाण्याचं कूट पहिल्या महिन्यातच परत आलं, बाकीचं एकेक करून. गेल्या मार्गशीर्षात तिने आम्हाला सगळ्यांना भरल्या वांग्यांना बोलावलं होतं, आणि स्वतः दोनदा वाढून घेतलं. जाऊबाई बघत होत्या. कुणी काही बोललं नाही.